‘आली’ म्हणजे कोण?

प्रिय काकू,

मी सांगलीत गाण्याचे क्लास घेते. वय ३१, विशारद. गेली तीन वर्षं ऑनलाइनही शिकवते. सध्या दोन विद्यार्थ्यांनी माझी झोप उडवली आहे.

पहिल्या हॅम्बुर्गच्या बाई. पन्नाशीच्या आहेत, तिथल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या संघात, गातात. त्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ हवा असतो. यमन रागातल्या बंदिशीत ‘आली’ आलं, मी सांगितलं, ‘शी केम’. पुढच्या शनिवारी त्या शब्दकोश बघून आल्या आणि फार नम्रपणे म्हणाल्या, ‘याचा अर्थ मैत्रीण असा आहे ना?’ ती बंदिश मी सहावीत असल्यापासून गाते आहे. मी नेट गेल्याचं नाटक करून कॅमेरा बंद केला. शिवाय त्या मला नुसत्या नावाने हाक मारतात. ताई नाही, मॅडम नाही.

दुसरा न्यू जर्सीतला नऊ वर्षांचा मुलगा. गाण्यातून त्याचं मराठी सुधारावं, ही आईची इच्छा. तो केळीला ‘केली’ म्हणतो, उत्तरं सगळी इंग्रजीत देतो, आई मागून ‘मराठीत बोल’ म्हणून ओरडते आणि तासभर तिघांतलं कुणीच गात नाही.

माझं इंग्रजी बेताचं आहे. संभाषणाचा कोर्स लावू, की हे परदेशी विद्यार्थी सोडून देऊ? घरचे म्हणतात, युरो येतायत, कशाला सोडतेस.

— ‘यमन’, सांगली

प्रिय यमन,

‘काकू’ म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते. नेट गेल्याचं नाटक वाचून हसू आलं. आमच्या वेळी नेट नव्हतं, मी खोकल्याची उबळ वापरायचे. अडचणीचा प्रश्न आला की आधी पाणी, मग खडीसाखर, तोवर पुढच्या विद्यार्थ्याची वेळ झालेली असायची.

कोर्स लावू नकोस. हौस असेल तर जरूर लाव, पण या दुखण्यावर तो उपाय नव्हे. तुझं पत्र तूच एकदा परत वाच. तुला खरी ठेच लागली तिथे इंग्रजी आडवं आलंच नव्हतं. त्या बाईंनी अस्खलित मराठीत विचारलं असतं, तरी तू ‘आली म्हणजे आली, त्यात काय’ असंच सांगितलं असतंस. कोर्सने फार तर ‘शी केम’चा उच्चार सुधारेल.

आणि यात तू एकटी आहेस असं समजू नकोस. आपल्याकडच्या कितीतरी गायनवर्गांत ती ‘आली’ अजून येतेच आहे. कोण आली, कशाला आली, कुणी विचारत नाही. शब्द ब्रजभाषेतला, मूळ संस्कृत ‘आलि’, म्हणजे सखी. नायिका सखीला हाक मारून आपलं दुखणं सांगते आहे. आज रात्री दार लावून हा अर्थ मनात धरून ती ओळ गाऊन बघ. आजवर त्या शब्दावर तू बातमी सांगत होतीस, आता हाक मारशील. तुझा गंधार, म्हणजे ‘ग’, तोच राहील, पण त्यावर थांबण्याची तऱ्हा बदलेल.

असे सापळे पुष्कळ आहेत. बंदिशीतलं ‘मग’ हे आपलं ‘नंतर’ नव्हे, तो रस्ता आहे. ती रस्त्याकडे डोळे लावून बसली आहे. ‘कल’ पडत नाही म्हणजे चैन पडत नाही. ‘लंगर’ बोटीचा नाही, वाट अडवणारा आगाऊ पोरगा आहे. एक वही कर. तू नेहमी शिकवतेस त्या वीसेक बंदिशी लिहून काढ आणि ज्या शब्दाचा अर्थ छातीठोक सांगता येत नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ मार. पहिल्या दिवशी पानं रेघांनी भरतील. माझी भरली होती, तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. मग एक चांगला हिंदी शब्दकोश घे, तुझ्या गुरूंना विचार, उत्तरेकडचं कुणी ओळखीचं असेल त्यांना फोन कर. तरी काही शब्द सुटणार नाहीत. तोंडातोंडी येता येता ते झिजले आहेत, एकच बंदिश दोन घराण्यांत दोन पाठांनी गातात. तिथे विद्यार्थ्याला सरळ सांगावं, हा शब्द झिजलाय, मला असा मिळाला, तसा तुला देते. यात काही कमीपणा नाही.

म्हणजे बघ, ज्या भाषेत आपण आयुष्यभर गातो ती आपली नाहीच. हे मला कळलं ते बनारसला. एका घरगुती बैठकीत मी गायले, सगळ्यांनी वाहवा केली आणि नंतर चहाच्या वेळी घरातल्या आजींनी मला जवळ बोलावून विचारलं, ‘बेटी, तुम्हारे यहाँ झ को क्या हो जाता है?’ मी ‘झनन झनन’ गाताना झाडातला झ म्हणत होते. हिंदीत तो झ नाहीच. त्यांचा झ जिभेच्या मधल्या भागाने, टाळूला चिकटून येतो, आपल्या ‘माझी’तल्यासारखा. ‘कौन’सुद्धा मी ‘कउन’ म्हणत होते. पंधरा वर्षं. कुठल्याही परीक्षकाने टोकलं नाही, कारण तेही झाडातलाच झ म्हणणारे.

तुझ्या गावाजवळचीच गोष्ट घे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. पंजाबी-उर्दू बोलणाऱ्या शहरात एका मराठी माणसाने गाण्याची शाळा चालवली. उलट दिशेने अब्दुल करीम खाँसाहेब कैरान्याहून येऊन मिरजेचे झाले आणि मराठी नाट्यपदं गायले. कुंदगोळचे सवाई गंधर्व मातृभाषेने कानडी, आणि नाव गाजलं मराठी रंगभूमीवर. यांपैकी कुणी आधी भाषेचा कोर्स लावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा तुझ्या त्या हॅम्बुर्गच्या बाई काही नवल करत नाहीत. सांगली-मिरजेच्या रस्त्यावरून असली माणसं शंभर वर्षांपासून ये-जा करतायत.

आता कामाचं. मला खात्री आहे की तू त्या बाईंना बंदिश रोमन लिपीत टाइप करून पाठवतेस. ते आजपासून बंद. माझ्याकडे फार वर्षांपूर्वी एक जर्मन मुलगी पुण्यात येऊन शिकत होती. मी मोठ्या मायेने तिला रोमनमध्ये कागद लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी ती ‘जमुना’ची ‘यमुना’ करून आली. जर्मनमध्ये ‘जे’ या रोमन अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, ती बिचारी लिहिलेलं वाचत होती. मला गंमत वाटली ती अशी, की यमुनेच्या ‘य’चा ‘ज’ करायला ब्रजवासीयांना कैक शतकं लागली असतील, या मुलीने एका रात्रीत नदी परत संस्कृतात नेऊन ठेवली! त्याच कागदावरून ती ‘सा’ म्हणाली तो जहाजातल्या ज सारखा ऐकू आला, कारण शब्दाच्या सुरुवातीला स्वराआधी आलेला एस तिकडे बरेच लोक तसाच घोषवतात. ‘राग’चा झाला ‘राक’, ‘सब’चा ‘सप’. शब्दाच्या शेवटी मृदू व्यंजन कठोर करायची त्यांच्या जिभेला सवय. कानाने ऐकताना यातली एकही चूक ती करत नव्हती. सगळ्या चुका मी कागदावर लिहून दिल्या होत्या.

त्यापेक्षा देवनागरी शिकव. सा रे ग म प ध नी, सात अक्षरं आणि तीन मात्रा, पहिल्या आठवड्यात एवढंच. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब मंद्र, वर टिंब तार. भातखंड्यांची स्वरलिपी हीच तिची अंकलिपी. हौशी प्रौढ माणसाला दोन-तीन महिन्यांत वाचता येतं, आणि आपण ही लिपी ओळखतो याचा त्यांना इतका आनंद होतो की घरात येईल-जाईल त्याला वही दाखवतात.

उच्चारांसाठी इंग्रजीतून व्याख्यान देत बसू नकोस. ‘ध’ येत नसेल तर तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला सांग, बसच्या तिकिटाएवढी. ‘दा’ म्हणताना पट्टी गप्प राहते, ‘धा’ म्हणताना हलते. तू तुझी धर, तिने तिची धरावी. दोन पट्ट्या एकदम हलल्या की झालं, एक शब्दही लागत नाही. ‘त’ आणि ‘ट’साठी ‘तिरकिट’ म्हणून घे. जीभ आधी दातांना आणि शेवटी टाळूला लागल्याशिवाय तो बोल निघतच नाही. मी गायनाच्या परदेशी विद्यार्थ्यांनाही आधी महिनाभर तीनतालाचा ठेका हातावर धरून बोलायला लावते. काहींना राग येतो.

न्यू जर्सीच्या मुलाचा घोटाळा वेगळा असेल. इंग्रजीत वाढलेलं पोर ‘रे’ म्हणताना ‘रेइ’ म्हणतं, ‘मोहे’चं ‘मोउहेइ’ करतं. बोलताना खपून जातं. पण चार मात्रा लांबवलेल्या स्वरावर तोंड मध्येच मिटत आलं की सूर काळवंडतो, आणि आपण उगाच ‘श्वास कमी पडतोय’ म्हणून त्याच्या छातीमागे लागतो. त्याला आरशासमोर उभं कर, ‘ए’ धर म्हणावं, ओठ हलले की बाद. मुलांना बाद व्हायचा खेळ आवडतो.

उलट बाजूही सांगते. एका जपानी विद्यार्थ्याला मी तीन आठवडे ‘मुरली’तल्या र आणि ल वरून छळलं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा, आणि मग वहीत बोट ठेवून विचारायचा, ‘ही इ छोटी की लांब?’ त्याच्या भाषेत स्वर लांबवला की शब्दच बदलतो, त्यामुळे त्याचा कान तिथे तीक्ष्ण. मी दर वेळी गाऊन बघायचे आणि लक्षात यायचं, लिहिलं आहे दीर्घ आणि मी गाते आहे ऱ्हस्व. त्याचा ल अखेरपर्यंत जेमतेमच राहिला, माझे इकार मात्र सुधारले.

स्वराच्या पट्टीचा एक घोळ आधीच सांगून ठेवते, तुला भोवेल. त्या बाई कॉयरमध्ये गाणाऱ्या, म्हणजे पाश्चात्त्य स्वरनावं पक्की. पेटीवर आपण ज्याला काळी पाच म्हणतो तिला इंग्रजी पुस्तकं ‘बी फ्लॅट’ म्हणतात, पण जर्मन लोक तिला नुसतं ‘बी’ म्हणतात, आणि पांढऱ्या सातला ‘हा’, म्हणजे एच. माझी ती जर्मन विद्यार्थिनी म्हणाली, ‘मला सा बी मध्ये बरा पडतो.’ मी इंग्रजी बी समजून तानपुरा पांढऱ्या सातला लावला, आणि तार सप्तकात पोर घामाघूम. एक तास मी तिला आवाज मोकळा सोडण्याबद्दल उपदेश करत होते. शेवटी तिने उठून पेटीची काळी पट्टी दाबून दाखवली. तेव्हा नावं नकोत. पेटी कॅमेऱ्यासमोर आण आणि बोट ठेव.

नावाने हाक मारतात, याचं तुला लागलंय. साहजिक आहे. पण ही इंग्रजीची करामत आहे, त्या बाईंची नाही. जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे, जवळच्याला ‘डू’, आदराने ‘झी’. म्हणजे घरी दोघींच्याही भाषेत तू आणि तुम्ही वेगळे, आणि भेटता मात्र अशा भाषेत जिथे दोन्हीला एकच ‘यू’. तिच्या मनात तू डू आहेस की झी, हे तुला कळायला मार्गच नाही. मग विचार की सरळ. ‘आमच्याकडे गाणं शिकवणाऱ्या बाईला ताई म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात?’ एवढंच वाक्य, मोडक्या इंग्रजीत चालेल. माझा अंदाज असा की त्या लाजतील आणि त्या दिवसापासून प्रत्येक वाक्यात दोनदा ताई म्हणतील, मग तुला त्याचाही कंटाळा येईल. तू पण तिच्याकडून तीन शब्द घे: ‘नोख आइनमाल’ म्हणजे परत एकदा, ‘लांगझाम’ म्हणजे हळू, ‘टीफर’ म्हणजे आणखी खाली. गाणं शिकवायला पहिले सहा महिने याहून जास्त भाषा लागत नाही. आणि मराठीतले हेच तीन शब्द तिला दे.

अर्थ मात्र विचारू दे तिला. परदेशी माणसं उगाच खोदतात असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, मला ते पटत नाही. सासू-नणंद जागी होईल म्हणून पैंजणांना बोल लावणारी नायिका मी माझ्या त्या जर्मन विद्यार्थिनीला समजावून सांगत होते. ती म्हणाली, ‘मग पैंजण काढून का ठेवत नाही?’ वर्गातल्या आमच्या मुली हसल्या. मलाही हसू आलं, पण रात्री झोप येईना. का बरं काढत नाही? कारण पैंजण वाजायला हवेत आणि ऐकूही जायला नकोत, दोन्ही एकदमच हवं आहे तिला. त्यानंतर ती बंदिश मी विनोदी ढंगाने गायचं सोडलं.

तिने रागाच्या वेळेबद्दल विचारलं, तर घड्याळ सांगू नकोस, सूर्य सांग. हॅम्बुर्गला जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारलाच. मारवा हा सूर्यास्ताचा राग, तेव्हा तिचा मारवा आणि तुझा मारवा एका तासात बसणारच नाहीत. तिला म्हण, शनिवारी मी शिकवते ते घे, आणि तुझ्या खिडकीत ऊन उतरेल तेव्हा एकटीने गा.

आता न्यू जर्सी. इथे विद्यार्थी कोण, ते आधी ठरव. मला तर तासाला आईच बसलेली दिसते. तिचा जीव तुटतो, मी समजू शकते. माझी नातही तिकडेच वाढते आहे आणि फोनवर मला ‘आजी, हाऊ आर यू’ म्हणते. पण गाण्याचा तास म्हणजे चमच्यात साखर घालून द्यायचं औषध झालं, की मूल साखरेलाही तोंड मिटतं. आईला गोड शब्दांत खोलीबाहेर पाठव. ‘त्याचा आवाज तुमच्यासमोर बुजतो’ म्हण, हे खरंही आहे.

मग तू फक्त मराठीत बोल, पण प्रश्न विचारू नकोस. प्रश्न विचारला की उत्तर इंग्रजीतच येणार. हुकूम सोड. बस. ऐक. म्हण. परत. थांब. हळू. डोळे मीट. हात वर. टाळी दे. मान हलवू नको. करून दाखवायचं आणि करून घ्यायचं, भाषांतर नाही. पहिले दोन महिने तो मराठीत काही बोलला नाही तरी चालेल, ऐकतोय ना. त्याला भूप रागातल्या बंदिशीआधी भोंडल्याची गाणी दे. लांबत जाणारी साखळी असते, चाल चार-पाच सुरांत फिरते, ती विसरायची कुणाची छाती नाही. आणि ‘ळ’ तिथे ढिगाने मिळतो. केळी, काळा, गोळा, डोळे: जीभ मागे वळवायची आणि सोडायची, गाण्यात आपोआप वळते. तू ‘केली नाही, केळी’ असं दहा वेळा म्हटलंस तर तो केळी खायचंच सोडेल.

त्याची आजी कुठे असते? इचलकरंजी, चिपळूण, कुठेही असो, तिला कामाला लाव. दर आठवड्याचा गृहपाठ: फोन करून आजीला गाणं म्हणून दाखवायचं आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारून यायचं. फक्त एक. आजी एका शब्दावर वीस मिनिटं बोलेल, त्याची जबाबदारी तुझ्यावर नाही. परीक्षेचा विषय आईने काढलाच तर म्हणावं, आधी त्याने आपणहून काहीतरी गुणगुणू दे.

युरोंबद्दल घरचे म्हणतात ते चूक नाही, पण परवडतं म्हणून सोडू नकोस आणि परवडतं म्हणून धरूही नकोस. त्या बाई शब्दकोश उघडून येतात. माझ्या चाळीस वर्षांत असे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. पुढच्या शनिवारी कॅमेरा लावल्या लावल्या सांगून टाक: ‘तुमचं बरोबर होतं, आली म्हणजे सखी, मला माहीत नव्हतं.’ आणि लगेच तानपुरा सुरू करून ती ओळ हाकेसारखी गा. इंग्रजी लागलंच तर ते त्यानंतर.

तुझी,
काकू

ता. क. १. तानपुरा ॲपवर तू तुझ्याकडे लाव आणि त्यांनी त्यांच्याकडे. झूम त्याला गोंगाट समजून कापून टाकतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करायला सांग. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र गाण्याच्या भानगडीत पडू नकोस, तू म्हण, मग ते म्हणतील.

ता. क. २. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधला एक आठवडा दोघांच्या वेळा एकमेकांवर आदळतात. गेल्या वर्षी माझ्या पडद्यावर एक जर्मन आजोबा आणि टेक्सासची एक चिमुरडी एकदमच उगवले. तास रद्द केला नाही, दोघांकडून भूपाचे पलटे म्हणून घेतले.